बाकावरची कमान

आता काय सांगू, ऐकून हसाल. पण नवेगाव बांधच्या तलावाची शपथ, यातला एक शब्द खोटा नाही. तलाव आटला तर मी खोटा. उन्हाळ्यात तो थोडा आटतो म्हणा, तेवढं खोटं धरून चाला.

तेव्हा कुडव्यात माझं वेल्डिंगचं दुकान होतं. गोंदियाच्या बाजाराजवळ बागेत एक लोखंडी बाक होता आणि बाकावर बुधराम. रात्री राइस मिलमध्ये पोती उचलायची, दिवसा बाकावर झोपायचं. दुसरं घर नव्हतंच त्याला.

बागेच्या कमिटीचे सेठ मला म्हणाले, "ऐसा कुछ करो भाऊ, बसता आलं पाहिजे, पण झोपता नाही."

मी बाकाच्या मधोमध लोखंडी कमान जोडली. बुधराम गाठोडं घेऊन बाजूला उभा.

"माह्या घराच्या मधात भिंत काऊन घालून राहिले जी?"

"सोय आहे बाबा, हात टेकायची."

"हात तर कवाचेच टेकले. पाठ टेकायची हाये."

तेवढ्यात सेठ आले. वाकून कमानीखालून पाहिलं. "अरे, इसमें से पाय घालून आडवा होईल ना तो."

इथं माझं मन द्रवलं. ठरवलं, आपणच मुद्दाम यात अडकायचं आणि गरिबाचं घर वाचवायचं.

"अशक्य," मी म्हणालो. "माझ्यासारखा सडपातळ माणूस जात नाही, पाहा."

पाय गेले. मांड्या गेल्या. दिवाळी आणि त्यानंतरची मंडईची जत्रा नुकतीच आटोपली होती, पाहुण्यांकडचे वडे अजून अंगावर होते. पोट निम्मं गेलं आणि थांबलं. पुढे जाईना, मागे येईना.

सेठनी खांदे ओढले, भेळवाल्यानं पाय. लोक जमले. बुधरामनं गाठोडं माझ्या डोक्याखाली सरकवलं.

"झोपा आरामात. घर आपलंच समजा. दार जरासं लहान पडलं."

शेवटी माझ्याच दुकानातून गॅस कटर आणून माझीच कमान कापावी लागली.

"दुसरी लावू?" मी विचारलं.

सेठनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "नको. कोई बडा आदमी फस गया तो?"

मी शर्ट खोचेपर्यंत बुधराम आडवा होऊन घोरायलाही लागला होता.

आता शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकतो. मन द्रवलं, ती थाप. खरंच द्रवलं असतं, तर बाकीचाही थोडा वितळलो असतो आणि कमानीतून सुटलो असतो.