कानामागची तीट

काजळाचा एरंडेली वास आला की मला मिरच्या वाळत घातलेलं आमचं नंदुरबारचं अंगण आठवतं. माझी लेक लहानपणी चुलीपाशी भाजली, गालावर व्रण राहिला. सणाला घरातल्या सगळ्या पोरांना तीट लावणारी माझी जाऊ तिला मात्र वगळायची, "तिले कसाले? डाग शेच ना." डाग आहेच तर तिला कोणाची नजर लागणार, हा तिचा हिशेब मला झोंबायचा. सुरतेला लेझर उपचारांसाठी फेऱ्या झाल्या, व्रण बराच फिकटला आणि शेवटच्या खेपेहून परतलो, तेव्हा जाऊ आपणहून काजळाची डबी घेऊन आली. गालाला काही लावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी जावेचा हात धरला. तर तिने लेकीच्या कानामागे बोट टेकवलं. लेक हरखून, डोळे मोठे करून म्हणाली, "मम्मी, आते मालेबी नजर लागी?" आता ती कॉलेजात आहे. गालावर पुसट रेघ आहेच. तरी परीक्षेला निघाली की काकूपुढे कान करून उभी राहते.