नराणीवरचा आळ

नख बघून रोग सांगण्यात महाडपासून पोलादपूरपर्यंत माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी तेव्हाही म्हणत असे, आजही म्हणतो. एकोणीसशे तीसच्या आसपास मी महाडला दवाखाना घातला, तेव्हा मुंबईहून एक जुनं सूक्ष्मदर्शक यंत्र आणलं होतं. लोक त्याला दुर्बीण म्हणत. पायाचं नख पिवळं पडून जाड झालं, त्यातून भुगा गळायला लागला, की आमच्याकडे 'चिखलानं खाल्लं' म्हणायचे आणि हळद-चुना भरायचे. मी तो भुगा काचेवर घेई, कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकून गरम करी आणि रोग्यालाच दुर्बिणीत डोळा घालायला लावी. आत बारीक फाटे फुटलेले धागे दिसत.

"ही बुरशी. लोणच्यावर येते ना, तिचीच बहीण," मी सांगे.

मग नख कोमट पाण्यात भिजवायचं, घासून पातळ करायचं आणि सॅलिसिलिकचं मलम दोन्ही वेळा चोळायचं, वर्षभर. वर्षभर म्हटलं की निम्मे लोक पुन्हा तोंड दाखवत नसत.

पोलादपूरच्या वर एक वाडी होती. दर पंधरा दिवसांनी मी सर्व्हिस मोटारीने पोलादपूर गाठी आणि पुढचा चढ पायी चढे. एका श्रावणात तिथे एकाच दिवशी बारा पुरुष तशीच नखं घेऊन आले. मी एकच प्रश्न विचारला, नखं कोण काढतं? सगळ्यांचं उत्तर एकच, आमचा न्हावी. वाडीचा तो जुना बलुतेदार. दाढी झाली की नराणीने हातापायांची नखं काढायची, नराणी धोतराला पुसायची आणि पुढचा पाय मांडीवर घ्यायचा. मला आणखी काय हवं होतं? देवळापुढच्या पारावर उभा राहून मी सांगून टाकलं, "रोग याच्या नराणीतून फिरतोय."

पुढच्या खेपेला गेलो तर त्याच्यापुढे कोणी बसेना. नखं राहू द्या, दाढीलाही कोणी गाल पुढे करेना. गणपती तोंडावर आलेले, मुंबईचे गिरणीवाले घरी यायचे, आणि शेजारच्या गावातून दुसरा न्हावी आणायचं बोलणं सुरू झालेलं. बलुतं गेलं म्हणजे वर्षाचं भात गेलं. त्याच्या घरात खाणारी सात तोंडं होती.

दोन दिवसांनी तो वाट तुडवत महाडला माझ्या दवाखान्यात आला. रडला नाही, पाया पडला नाही.

"डाक्तर, बायकांची नखां मी कदी काढली?" त्याने विचारलं.

"नाही काढत. मग?"

"मग त्यांचे आंगठे का सडले?"

वाडीत माझ्याकडे पुरुष येत. बायका दुखणं नवऱ्याच्या तोंडून सांगत, आणि पाय लुगड्याच्या काठाखाली. त्यांचे पाय मी कधी बघितलेच नव्हते! दुसऱ्याच दिवशी दवाखाना बंद ठेवून मी वर गेलो. त्याच्या बायकोने शेजारणींना अंगणात बोलावलं. "दाखव गो, डाक्तर काय खात नाय," असं म्हणत तिने एकेकीला पुढे ढकललं. नऊजणींची नखं तशीच. भुगा पुड्यांत बांधून महाडला आणला. काचेवर तेच धागे. चार महिने अनवाणी चिखलात उभं राहायचं आणि सगळ्या वाडीने पाय घासायला पऱ्ह्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, एकच दगड, तिथे बिचारी नराणी काय करणार? चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळी देणारा मी. नराणी उकळून घ्यावी हे माझं म्हणणं मात्र खरंच होतं, ते मी अजूनही सोडलेलं नाही.

पुढच्या खेपेला मी पुन्हा पारावर उभा राहिलो. चूक माझी, न्हाव्याची नाही, असं सरळ सांगितलं. कोणी ऐकेना.

"तुमाला त्याची दया आली म्हणून बोलताय," एक म्हातारा म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मला राग आला. माझं खोटं यांनी एका दमात गिळलं होतं, आणि खरं मात्र घशाखाली उतरेना. शेवटी मी पारावर बसलो, उजवा बूट काढला, मोजा काढला. माझ्या अंगठ्याचं नख सुक्या खोबऱ्याच्या कातळीएवढं जाड आणि पिवळं होतं. दोन पावसाळे ओल्या बुटांत पाय घालून हिंडल्याचं फळ. दुसऱ्याला वर्षभर मलम लावायला सांगणारा मी स्वतः आठ दिवसांत कंटाळत असे, आणि हे बिंग मी बायकोपासूनसुद्धा लपवलं होतं.

"माझी नखं मी माझ्या कात्रीने काढतो. याने कधी हात लावलेला नाही. आता बोला!"

मी न्हाव्याला हाक मारली. त्याने माझ्या सांगण्यावरून उकळून आणलेली नराणी काढली, माझा पाय मांडीवर घेतला आणि नख कडेकडेने असं काढलं की मला कळलंही नाही. पारापलीकडे मुंबईहून आलेला एक गिरणीवाला पाय धुऊन पुढे सरकला, त्याच्यामागून तो म्हातारा.

न्हावी खाली मान घालून हळूच म्हणाला, "मला ठाव होता. गेल्या पावसात पऱ्ह्या उतरताना तुमी बूट काढलेत, तवा आंगठा दिसला."

"मग पारावर सगळ्यांपुढे बोलला का नाहीस? तिथेच सुटला असतास."

"मी सुटलो असतो," तो म्हणाला, "पन तुमच्याकडं औषदाला कोन आला असता?"

त्याने माझा पाय खाली ठेवला आणि गिरणीवाल्याचा मांडीवर घेतला.