कांडोळाला लावलेला चुना

सोलापूरच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्या एका हातात वळकटी होती, दुसऱ्या हातात कॅमेऱ्याची तिकाटणी, खांद्याला कॅमेरा, आणि फोटो घ्यायच्या काचेच्या प्लेटांची पेटी काखेत. ती पेटी मी हमालालाही हात लावू देत नाही.

पुण्याच्या शाळेत मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. आमच्या पुस्तकात कांडोळाबद्दल दोन ओळी आहेत आणि चित्र एकही नाही. या झाडाची साल पांढरी, तुकतुकीत, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. पाने गळाली की तो अंधारातही उजळ दिसतो, म्हणून लोक त्याला भुत्याही म्हणतात. ती साल मुलांना जवळून दाखवायची, एवढ्यासाठी मी आलो होतो. इथल्या एका हौशी गिरणीमालकाने ठिकठिकाणची झाडे लावून बाग केली आहे, तिच्यात मोठा कांडोळ आहे असे कळल्यावर आधी पत्र टाकून परवानगी मागवली होती.

टांगा गावाबाहेर पडला तेव्हा घराघरांतून मागांचा खटखटाट ऐकू येत होता. पुढे चाक खड्ड्यात गेले आणि पेटीतून नको तो आवाज आला. टांगेवाल्याला बोलावे तर तो आधीच घोड्याला बोलत होता. बागेत पोचल्यावर प्लेटांना उजेड लागू नये म्हणून अवजारांच्या खोलीचे दार लावून अंधारात चाचपले. चारांतल्या दोन प्लेटा तडकल्या होत्या.

बागेचा माळी मालप्पा साठीकडे झुकलेला, बारीक अंगाचा माणूस. त्याने मला हौसेने बाग दाखवली. पांगारा लालभडक फुलला होता, पण प्लेटेवर लाल रंग काळा उतरतो, म्हणून तो नुसता डोळे भरून पाहून घेतला. गोरखचिंचेच्या बुंध्याला आम्हा दोघांच्या हातांचा वेढा पुरला नाही. मोह आवरला नाही आणि एक प्लेट तिच्यावर खर्ची पडली. आता एकच उरली होती.

दुपारी मालप्पाच्या बायकोने कडक भाकरी (पापडासारखी कुरकुरीत केलेली ज्वारीची भाकरी), शेंगाची चटणी आणि दही वाढले. भाकरी मोडताना आवाज झाला की मी उगीच पेटीकडे पाहत होतो. जेवण मात्र असे झाले की प्लेटांचे दुःख अर्धे विसरलो.

उन्हे जरा कलल्यावर आम्ही विहिरीपलीकडे गेलो, आणि मी जागच्या जागी थांबलो. कांडोळाच्या खोडाला जमिनीपासून दोन पुरुष उंचीपर्यंत दाट चुना फासला होता आणि त्यावर गेरूचा चार बोटे रुंद पट्टा ओढला होता. खरी साल त्याच्या वर सुरू होत होती, आणि तिथवर माझे भिंग पोचणार नव्हते. बागेतल्या दुसऱ्या एकाही झाडाला चुन्याचा ठिपका नव्हता.

मला इतका राग आला की कान तापले. तोंडात नको ते शब्द आले होते, तोच मालप्पा खोडावर हात ठेवून म्हणाला, "कालच चुन्याचा हात मारला, मास्तर. गिरणीच्या कचेरीतनं निरोप आला की पुण्याचे मास्तर भुत्याचा फोटू काढायला येनार हायत. लई बरं वाटलं. बागंत आलेली मानसं गुलाब बगत्यात, कारंजं बगत्यात. ह्याच्याकडं कोन फिरकत न्हाय. पयल्यांदा फोटू निघायचा, तर ह्येला असंच उघडं हुबं करायचं व्हय?"

मग वरपर्यंत का नाही लावला, असे मी जरा कुत्सितपणेच विचारले.

"शिडी पुरली न्हाय की."

मला हसू आले आणि राग तिथेच ओसरला. घासून काढायला सांगावे तर चुन्याबरोबर सालही सोलून निघाली असती, आणि मालप्पाला तसे सांगण्याची माझी छातीही झाली नाही. मी तिकाटणी उभी केली. मालप्पाने पटका नीट बांधला, झाडाशेजारी उभा राहिला आणि श्वास रोखून धरला. शेवटची प्लेट मी चुन्यावर घातली. परतीच्या गाडीत हळहळलो, नाही असे नाही. पण दिवस वाईट गेला असेही म्हणवेना.

पुण्याला आल्यावर एक प्रत मालप्पाला पाठवली. महिन्याभराने कार्ड आले. अक्षर कचेरीतल्या कारकुनाचे, बोल मालप्पाचे.

"फोटू पोचला. मी झ्याक आलोय, समदी म्हनत्यात. पर झाड वळखू येत न्हाय. तुमी कशापायी आला हुता त्ये मला फोटू बगून कळलं. भुत्याचं त्वांडच मी झाकलं हुतं, आन् तुमचं कान लाल झालं तरी तुमी बोलला न्हाय. आता पापुद्र्यासंगं चुना गळाया लागलाय. थंडीत पानं झडली की या. ह्या खेपंला मी कायबी लावत न्हाय."

माझा राग मी छान लपवला, असे मला इतके दिवस वाटत होते. कार्ड मी दोनदा वाचले आणि मला मनापासून लाज वाटली, आणि आनंदही झाला.

थंडीत मी जाणार आहे. रजेचा अर्ज आताच दिला, तेव्हा हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहत विचारले, पुन्हा त्याच झाडासाठी का? मी हो म्हणालो, पण ते पुरते खरे नव्हते.