रगतान हाय

तळोज्याजवळच्या त्या गावात सितारामइतका सोशिक माणूस दुसरा नव्हता, आणि गाव त्याच्याइतकं कुणाला घाबरतही नव्हतं. कारण त्याचा बाप पोपट. मिठागराच्या बांधावरून तंटा झाला तेव्हा पोपटने सख्ख्या भावाला कोयत्याने तोडलं आणि पुढे तुरुंगातच मेला. सिताराम तेव्हा रांगत होता. तरी गाव म्हणायचं, "रगतान हाय त्याचे." गावाचं सोडा, त्याची आई बयाबाईसुद्धा तेच म्हणायची. जन्मदात्या आईने असं बोलावं, याचा मला अजून संताप येतो.

सितारामने मात्र ते मनावर घेतलं. राग आला की तो हात पाठीमागे बांधून घराबाहेर पडायचा. मुक्ताबाईने माहेरच्यांचा विरोध पत्करून त्याच्याशी लग्न केलं, आणि कित्येक वर्षं तिला त्याचा चढलेला आवाजही ऐकावा लागला नाही. सगुणा झाली तेव्हा तो लेकीला उचलायलाही भ्यायचा.

नव्या शहरासाठी जमीन गेली, तसा सिताराम तळोज्याच्या बाजूला एका शेडमध्ये कामाला लागला. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या आणि आतलं शिसं भट्टीत वितळवायचं. शेडला ना पाटी ना खिडकी. दिवसभर धूर खाऊन तो घरी यायचा.

वर्षभरात माणूस पालटला. पोटात कळा, झोप नाही, हिरड्यांवर निळसर रेघ. भांड्याचा आवाज झाला तरी अंगावर धावून जायचा. एकदा कालवण खारट झालं म्हणून त्याने मुक्ताबाईला भिंतीवर आपटलं. मग एका दुपारी सगुणा नुसती हसली, तर त्याने तिच्यावर वरवंटा उगारला. मुक्ताबाईने मध्ये हात घातला. पोर वाचली, हिचं मनगट मोडलं. चुलीपुढे बसलेल्या बयाबाईने नुसती मान हलवली.

सिताराम ओक्साबोक्शी रडला. "बापूस जागा झाला माजे आंगान," एवढंच म्हणाला आणि कपड्यांचं गाठोडं बांधलं. मालकाला रखवालदार हवाच होता. आता शेडमध्येच राहायचं, घरात पाऊल टाकायचं नाही, असं त्याने ठरवलं. खरं सांगायचं तर मुक्ताबाईला हायसं वाटलं.

काही दिवसांनी ती भाकरी घेऊन शेडवर गेली. फाटकाशी मराठवाड्यातली गोजरा उभी होती, तीही नवऱ्याचा डबा घेऊन आलेली. तिचा ओठ सुजलेला होता. मुक्ताबाईने न राहवून तिला विचारलं, तिचा सासराही मारकुटा होता का.

"सासरा? लई गरीब मानूस," गोजरा म्हणाली. "ह्येबी तसंच व्हते. हितं लागल्यापास्नं हात उचलत्यात. हितल्या समद्यांच्याच घरी असं हाय."

मुक्ताबाईने आत पाहिलं. सितारामने भट्टीला लागूनच गोधडी अंथरली होती, आणि तिच्यावर राखेचा थर बसला होता.

तिने त्याला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. हे रगत नव्हे, ही भट्टी आहे, आत्ताच्या आत्ता घरी चल, म्हणून विनवलं. तो लांबच उभा राहिला, हात पाठीमागे बांधून.

"मंग माजे बापसाला कनची भट्टी लागली व्हती?"

एवढं विचारून तो वळला आणि पुन्हा धुरात गेला.