उंदरांचे डोळे

तळोज्याच्या एका प्रयोगशाळेत मी उंदरांचे डोळे बिघडवते. असं सांगितलं की लोक जरा सरकून बसतात, म्हणून सहसा सांगत नाही. डोळ्याच्या पडद्यातलंच एक प्रथिन तेलात घोटून उंदराला टोचायचं. त्याचं शरीर त्या प्रथिनाला शत्रू समजतं आणि काही दिवसांत स्वतःच्याच डोळ्यांवर तुटून पडतं. नव्या औषधाने ते थांबतं का, हे आम्ही बघतो.

आईला हे काम कधीच पटलं नाही. गणपतीचं वाहन ते, म्हणायची. कामावरून आले की थेट न्हाणीघर; आंघोळ झाल्याशिवाय देवघराकडे फिरकायचं नाही, असा घरात दंडकच होता. मग धाकट्या बहिणीला नेमका हाच आजार झाला. आधी डोळा लाल, मग उजेड सोसेना, मग उजव्या डोळ्यापुढे कायमचं धुकं. डावा तेवढा धड राहिला. ती खांदा कॉलनीतल्या शाळेत चित्रकला शिकवते, त्या एका डोळ्यावर. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तिचं तोंड सुजलं, तर तिच्या वर्गातली पोरं म्हणाली, बाई गुटगुटीत झाल्या.

आईने सोवळंओवळं गुंडाळून ठेवलं. मी चपला काढायच्या आत विचारायची, "काय म्हणतायत गं तुझे उंदीर?" मला असा राग यायचा. पापही माझ्याच माथी आणि नवसही माझ्याकडेच.

गेल्या महिन्यात औषध दिलेल्या गटाचे डोळे तपासले. एकदम स्वच्छ. औषध न दिलेल्यांचे लालभडक. मला राहवलं नाही, घरी येऊन बोलून गेले. आईने लगेच शिरा केला आणि देवघरातल्या पितळी उंदरापुढे वेगळी वाटी ठेवली. नैवेद्य झाल्यावर समोरच्या काकूंना शिरा द्यायला गेली, ती तिथेच रमली.

घरात आम्ही दोघीच. बहिणीने विचारलं, "उंदरांना औषध कधीपासून देता?"

"टोचतो त्याच दिवसापासून."

"म्हणजे आजार व्हायच्या आधीच."

"हो."

"आणि झाल्यावर दिलं तर?"

"ते अजून केलेलं नाही."

आमच्या कामाची ही साधी रीत आहे. आधी आजार अडवता येतो का बघायचं. झालेला बरा होतो का, ते नंतर. उंदरांचा आजार आम्हीच आणतो, त्यामुळे तो कधी येणार हे आम्हाला ठाऊक असतं. माणसाचं कुणाला ठाऊक असतं? हे सगळं तिला समजावून सांगायचं होतं. पण तिला ते आधीच समजलं होतं.

तिने शिऱ्याची बशी बाजूला सारली.

"डाव्या डोळ्यापुढे परवापासून काळे ठिपके तरंगतायत," ती म्हणाली. "म्हटलं, तुझ्या औषधाचं काय ते कळू दे, मग सांगू."