जिंडाबाइनच्या तळ्यावरचा श्रावण

सिडनीतल्या टूनगॅबीत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका माणसाने गेल्या श्रावणात माझ्या वडिलांना फसवलं. जिंडाबाइनच्या तळ्यात सध्या काही नाही, पाणी मेलंय, असं त्याने त्यांना माझ्या घरी, माझ्या टेबलाशी बसून, माझ्या बायकोच्या हातचा चहा पीत सांगितलं. तळ्यात तेव्हा मासेच मासे होते आणि त्याला ते माहीत होतं.

हा माणूस माझा मित्र होता. पुण्याचा, आयटीतला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो स्किल्ड व्हिसावर आला, बॅगेत नोकरीचं पत्र घेऊन. मी स्टुडंट म्हणून आलो. युनीची फी भरायला हॉटेलात भांडी घासली, मग एका ग्रीक माणसाच्या हाताखाली बाथरूमच्या टाइल्स बसवायला शिकलो, आणि आज टाइल्सचं दुकान माझं स्वतःचं आहे. घासाघीस हा माझा धंदा आहे आणि स्वभावही. समोरचा किती खाली येईल हे मला तो खुर्चीत बसायच्या आत कळतं. त्यामुळे हे लिहिताना जास्त राग त्याचा येतो की माझा, ते अजून ठरलेलं नाही.

आमच्यात एक सौदा होता. तळ्याच्या पूर्वेच्या काठाला एक जागा आहे, ती मी शोधली होती. धरण बांधलं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं, आणि त्या गावाकडे जाणारा डांबरी रस्ता तिथे सरळ पाण्यात उतरतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगड आहेत. ट्राउट मासे त्या दगडांच्या कडेने फिरतात. दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा, तिसऱ्याची दोरी गुंतलीच म्हणून समजा. मी तीन हिवाळे काठाने चालून ती जागा हेरली होती. त्याच्याकडे जागा नव्हती, पण खबर होती. माशांची पैदास करतात त्या केंद्रात त्याच्या ओळखीचा एक माणूस होता. अंडी काढून झालेले मोठमोठे सॅमन तिथून तळ्यात सोडून देतात, आणि ते पहिले दोन-तीन आठवडे काठाजवळच घुटमळतात. कधी सोडणार हे आधी कळलं तर सोनंच. तेव्हा ठरलं, जागा माझी, खबर त्याची. त्याच्या बॅकयार्डमध्ये, बार्बेक्यूपाशी आम्ही हात मिळवले.

हात सोडायच्या आधी त्याने एक अट घातली. श्रावणात तळ्यावर जायचं नाही. त्याच्या आईला म्हणे त्याने शब्द दिला होता. मी म्हटलं, तू नको जाऊस, मी जाईन. तो म्हणाला, मग भागीदारी कसली. मग मी बसलो भाव करायला. श्रावण सोडतो, पण बदल्यात ईस्टरला रस्त्याची कुठली बाजू घ्यायची, ती पहिली निवड माझी. ईस्टरच्या सुमाराला मोठे ब्राउन ट्राउट नदीत चढायला निघतात आणि त्या दगडांपाशी जमतात, तेव्हा ती अट हलकी नव्हती. त्याने मान हलवली, उसासा टाकला आणि तो कबूल झाला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की आज त्याला चांगलाच कापला. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "तू कधी पाळलास श्रावण?"

पाळला नव्हता. आम्ही कोकणातले. आमच्याकडे श्रावणातही सोमवार आणि शनिवार सोडले तर कालवण व्हायचंच.

इथला श्रावण म्हणजे ऐन हिवाळा, स्नोचा सीझन. उन्हाळ्यात तळ्याचं वरचं पाणी तापतं, मासा खोल जातो, आणि मग बोटवाल्यांची चैन. हिवाळ्यात सगळं पाणी सारखंच गार, मासा काठाला येतो, गुडघाभर पाण्यात. हे मला माहीत होतं. पण जुलै संपता संपता पाणी इतकं गोठतं की मासा तोंडच उघडत नाही, असं तो सांगायचा, आणि पाण्याची खबर हे त्याचं खातं होतं. टाइल्सचा प्रत्येक खोका उघडून बघणारा मी, मित्राचा शब्द कधी उघडून बघितला नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये वडील आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. बाबा पोस्टात होते. चाळीस वर्षं संध्याकाळी कामावरून सुटले की खाडीवर गळ टाकून बसायचे. ऑपेरा हाऊस त्यांनी बघितलं आणि बरं आहे म्हणाले. पेंडल हिलच्या इंडियन दुकानात मात्र फ्रीझरसमोर खूप वेळ उभे राहिले. रावसाच्या पाकिटावर इंडियन सॅमन छापलेलं होतं.

"हा आपला रावस," ते म्हणाले. "ह्याला हे लोक सॅमन म्हणतात, तर खरा सॅमन असतो कसा? एक मला माझ्या हाताने काढायचाय. विकतचा नको."

तीन महिन्यांत त्यांनी मागितलेली ती एवढी एकच गोष्ट. मी लगेच निघणार होतो, पण आल्या आल्या त्यांना थंडी बाधली. सगळा जुलै खोकण्यात गेला. बरे झाले तोवर श्रावण लागला होता.

मी मित्राला घरी बोलावलं. म्हटलं, यंदा अट सोड, बाबांसाठी. तो बाबांच्या शेजारी बसला आणि हसत म्हणाला, "काका, श्रावण आहे. तुम्ही मोठे, तुम्हीच मोडायला लागलात तर आम्ही काय करायचं?"

बाबा म्हणाले, "आमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या निघतात. पौर्णिमा शनिवारी आहे. रविवारी जाऊ."

मला हसू आलं, आणि बाबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मग त्याने फोन काढला. धर्माचं राहू द्या म्हणाला. पाणी चार अंशांवर आलंय, मासा तळाशी पडून आहे, माझ्या माणसाने कालच कळवलंय. साडेपाच तास गाडीत बसाल, बर्फात उभे राहाल, परत खोकला घेऊन याल.

बाबांनी त्याला दोन-तीन प्रश्न विचारले. वारा कुठला, पाणी चढतंय की उतरतंय, वर किडे दिसतात का. त्याने तिन्हींची उत्तरं दिली, अगदी तपशिलात. बाबांनी मान डोलावली. गळ टाकणारा माणूस गळ टाकणाऱ्या माणसाला पाण्याबद्दल खोटं सांगेल हे त्यांच्या डोक्यात येण्यासारखंच नव्हतं. "पाणी मेलं असेल तर काय करणार," ते म्हणाले, आणि रविवारसाठी काढून ठेवलेले लोकरीचे मोजे उचलून आत घेऊन गेले.

नारळी पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी ते परत गेले. महिन्याभरात तिकडच्या डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाची एक झडप नीट चालत नसल्याचं सांगितलं. औषधांवर राहता येईल, पण आता लांबचा विमानप्रवास नाही. म्हणजे ते पुन्हा येणार नाहीत.

सप्टेंबरच्या शेवटी कूमा गावी एका कामाच्या मापासाठी गेलो होतो. तिथून तळं तासाभरावर, म्हणून पुढे गेलो. तळ्याकाठच्या गावातल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात पहिल्यांदाच शिरलो, एरवी सामान मी सिडनीहूनच न्यायचो. तिथे एक भिंत आहे. हंगामात कोणी मोठा मासा काढला की मालक त्याचा फोटो तिथे लावतो, खाली पेनाने वजन आणि तारीख. मी लुअर, गळाला लावायची खोटी आमिषं, बघत होतो. नजर वर गेली तर भिंतीवर माझा पिवळा रेनकोट. रेनकोटच्या आत माझा मित्र. जुलैत त्याने तो मागून नेला होता, बागेच्या कामासाठी म्हणून. दोन्ही हातांवर सॅमन आडवा धरलेला, एका कोपरापासून दुसऱ्या कोपराबाहेर जाणारा. मागे पाण्यात उतरणारा तो डांबरी रस्ता. तारीख नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची. तोच रविवार.

मालक म्हातारा, सत्तरीचा. माझं बघणं बघून म्हणाला, "युअर मेट, इज ही? बेस्ट वीक ऑफ द विंटर, दॅट वॉज."

मग मी सगळी भिंत वाचली, एकेक फोटो. आधीच्या ऑगस्टमध्येही तो होता. त्याच्या आधीच्याही. प्रत्येक श्रावणात, माझ्या जागेवर, एकटा. मी ईस्टर जिंकला म्हणून घरी मिरवत होतो, आणि वर्षातले सगळ्यात चांगले चार आठवडे त्याने माझ्याकडून एका उसाशावर काढून घेतले होते. तिथेच उभ्या उभ्या फोनमध्ये इथल्या मराठी मंडळाचा ग्रुप उघडून मागे गेलो. त्या रविवारी दुपारी ह्या साहेबांनी नारळीभाताचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, घरचा, साजूक तुपातला.

पुढच्या शनिवारी तो मला पेंडल हिलला स्टेशनजवळच्या दुकानाबाहेर भेटला. ट्रॉली भरलेली, वर कोथिंबीर. मी भिंतीवरच्या फोटोचा फोटो त्याच्यासमोर धरला. त्याने तो बघितला, इकडे तिकडे बघितलं.

"जागा दोघांची आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "तू, तुझे बाबा आणि मी. बाहेर कोण बसलं असतं, सांग ना. आणि मासे दोनच आठवडे होते काठाला."

मी म्हटलं, मी बसलो असतो बाहेर. गाडीत. दिवसभर.

"अरे, चिडतोस काय. काका पुढच्या वर्षी येतीलच की."

त्याला झडपेचं माहीत नव्हतं. पण मला त्या क्षणी ते सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी फरक पडला नसता. मी त्याची ट्रॉली उलटी केली. मुळे आणि बटाटे कारपार्कभर गेले, एका गुजराती बाईने मुलाला मागे ओढलं, आणि दुकानदार दारात येऊन "भाईसाब, भाईसाब" करत राहिला. मी गाडीत येऊन बसलो. माझी मुलगी मागच्या सीटवर होती. "डॅड, इट्स जस्ट अ फिश," ती म्हणाली. मी गाडी सुरू केली.

त्यानंतर मी शांत डोक्याने काम केलं. आमची ती जागा नकाशावर खूण करून मी सिडनीतल्या मासे धरणाऱ्यांच्या जेवढ्या ग्रुपांत आहे तेवढ्यांत टाकली, मराठी, पंजाबी, फिलिपिनो, सगळ्यांत. गाडी कुठे लावायची, दगड कुठे सुरू होतात, कुठला लुअर. दुकानाच्या म्हाताऱ्यालाही इंग्रजीत लिहून दिलं, त्याने ते काउंटरवर चिकटवलं. ईस्टरला मी वरच्या रस्त्यावरून बघितलं तर त्या दोन माणसांच्या जागेत अकरा रॉड होते. मित्र गाडीतून उतरला, बघितलं आणि परत बसला. मलाही तिथे उभं राहता आलं नाही. मी वर थर्मासमधला चहा प्यायलो आणि मला तो फार गोड लागला.

आता जून आहे, आणि तळ्याची खरी स्थिती अशी आहे. गेल्या आठवड्यात मी स्वतः जाऊन दोरीला थर्मामीटर बांधून बघितलं, काठाला पाणी आठ अंश आहे. तळं यंदा बरंच उतरलंय, डांबरी रस्ता आणखी वीसेक पावलं उघडा पडलाय. जूनचा लाँग वीकेंड झाला, नद्यांतली मासेमारी ऑक्टोबरपर्यंत बंद, पण तळं बाराही महिने उघडं असतं. ब्राउन ट्राउट नदीत अंडी घालून परत येऊ लागलेत, अंगाने बारीक आणि भुकेले. रेनबो ट्राउट पहाटे काठाशी दिसतात. सॅमन अजून सोडलेले नाहीत. सोडले की त्याच दिवशी सगळ्या ग्रुपांत कळवीन. केंद्रातल्या त्याच्या त्या ओळखीच्या माणसाशी आता माझी ओळख आहे, त्याच्या घरच्या लाँड्रीच्या टाइल्स मी बसवून दिल्या.

पण याने माझं समाधान झालेलं नाही. दर रविवारी दुपारी दोनला मी बाबांना फोन लावतो. ते औषधांचं सांगतात, पावसाचं सांगतात आणि मग विचारतात, तळं काय म्हणतंय. मागच्या रविवारी म्हणाले, "तुझ्या मित्राने वेळेवर सांगितलं म्हणून बरं, नाहीतर उगाच हेलपाटा झाला असता. त्याला माझा नमस्कार सांग."

तो नमस्कार मी पोचवणार नाही. फोटोचंही मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही, कारण ते माझं काम नाही. ज्याने माझ्या टेबलाशी बसून पाणी मेलं म्हणून सांगितलं, त्याचं ते काम आहे. हे लिहिलेलं त्याच्यापर्यंत पोचेल, टूनगॅबीत काही लपत नाही. तर ऐक. येत्या रविवारी दोनला माझं दार उघडं असेल. ये, त्याच खुर्चीत बस, फोन मी लावून देतो. ते तुला पुन्हा विचारतील, वारा कुठला होता, पाणी चढत होतं की उतरत होतं. त्या दिवशी पाण्यात मासे होते की नव्हते, ते तुझ्या तोंडाने त्यांना सांग. आणि होते, तर एका म्हाताऱ्या माणसाला नाहीत असं का सांगितलंस, याचं उत्तर दे.