नायिकेचा रंग

पडदा वर जातो तेव्हा समोर एक स्वयंपाकघर आहे. ब्राउनश्वाइग शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराचं. जूनमधलं सकाळचं ऊन खिडकीतून नेमकं टेबलावर पडलंय, जणू वर बसलेल्या कुणीतरी स्पॉट सोडलाय. टेबलावर अर्धवट खाल्लेला ब्रेड, दुधाचा कप आणि मधोमध एक पत्र्याची पेटी. भिंती कोऱ्या. खालून ट्राम गेल्याची घरघर. डावीकडून प्रवेश करतो दत्ता भोईटे, वय वर्षं शहात्तर, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. तो पेटीची कडी काढतो आणि घरभर दाढीमिशा चिकटवायचा स्पिरिट गम, पावडर आणि जुन्या क्रेपच्या नकली केसांचा वास पसरतो.

"बाबा, खिडकी उघडू का?" आतून त्याची मुलगी नीता विचारते.

"उघड की. पण हा वास जायचा नाही. एकेचाळीस वर्षांचा आहे."

एकेचाळीस वर्षं दत्तानं एका फिरत्या नाटक कंपनीत रंगभूषा केली. मूळचा मिरजेचा. नाटकवाल्यांच्या जगात टाळ्या नटाच्या आणि शिव्या रंगभूषाकाराच्या, पण दत्ताची तक्रार नव्हती. नवख्या नटाचे हात कापू लागले की त्याच्या गालावर पावडर मारता मारता दत्ता त्याला पहिलं वाक्य म्हणायला लावायचा. कितीतरी जणांचं पहिलं वाक्य प्रेक्षकांच्या आधी त्याच्या हाताखाली सुटलं. त्याला स्वतःला हवी असलेली दाद मात्र वेगळी होती. प्रयोग संपल्यावर कुणी आत यायचं, नट समोर उभा असूनही इकडे तिकडे शोधायचं आणि मग म्हणायचं, "अहो, ओळखूच आला नाहीत!" एवढं ऐकलं की दत्ताचं पोट भरायचं.

बायको गेली आणि नीतानं त्याला तीन महिन्यांसाठी इकडे बोलावून घेतलं. नीता गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. आल्या आल्या दत्तानं विचारलं होतं, "घरात एकही फोटो नाही? तुझ्या लग्नाचासुद्धा?"

"इथे भिंतीला भोक पाडायचं म्हणजे घरमालकाला विचारावं लागतं, बाबा," नीता म्हणाली. त्याला ते पटलं. जर्मनीत काय, कशालाही विचारावं लागत असेल.

नात अन्वी बारा वर्षांची. आई मराठीत बोलली की ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. पण आजोबांना 'या', 'नाईन' आणि 'डांके', म्हणजे हो, नाही आणि आभार, यापलीकडे जर्मन येत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी ती अडखळत का होईना, मराठी बोलायची. सावळी म्हणावी त्याहून दोन छटा गडद अशी ती पोरगी. आईवर गेलेली. आणि आई दत्तावर.

यंदा अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं झाली, त्या निमित्तानं अन्वीच्या वर्गानं अमेरिकेच्या इतिहासावर नाटुकलं बसवलं होतं. प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची आणि त्या माणसाचा एक प्रसंग करायचा. अन्वीनं वर्गात ठोकून दिलं होतं की माझे आजोबा मास्केनबिल्डनर, म्हणजे रंगभूषाकार आहेत, खऱ्या नाटकातले, सगळ्यांचे चेहरे तेच रंगवतील. दत्ताला हे कळलं तेव्हा तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

दत्ताला इतिहास सनावळीनं कधी कळला नव्हता. त्याच्यासाठी इतिहास म्हणजे चेहरे. अन्वी टॅबवर चित्रं दाखवायची आणि तो डोळे बारीक करून बघायचा. "हा वॉशिंग्टन. याचा टोप आहे का?"

"नाही, आजोबा. त्याचे स्वतःचेच केस. वरून पावडर."

"मग सोपं आहे. आणि हा लिंकन. याचे गाल आत गेलेत, तिथे तपकिरी घालायचा. दाढी मी चिकटवतो, मिशी नाही. असली अर्धवट दाढी का ठेवली होती यानं?"

"एका मुलीनं त्याला पत्र लिहिलं होतं. अकरा वर्षांची होती. तुमचा चेहरा बारीक आहे, दाढी ठेवा, छान दिसाल. मग तो निवडून आला. आणि त्यानं खरंच ठेवली."

"एवढा मोठा माणूस, आणि पोरीचं ऐकलं?"

"गेनाऊ, अगदी तसंच," अन्वी म्हणाली. "तुम्ही पण ऐकत जा."

दत्ता खळखळून हसला. अन्वीच्या चिठ्ठीत नाव आलं होतं रोझा पार्क्स. "बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा सोडली नाही, ती," अन्वीनं सांगितलं. "एकोणीसशे पंचावन्न. पोलिसांनी धरून नेलं. मग काळ्या लोकांनी एक वर्षभर बस वापरलीच नाही. चालत गेले सगळे."

"वा! म्हणजे तू नायिका!"

"नायिका नाही हो, आजोबा. कपडे शिवायची ती."

तालमीला दत्ता जाऊन बसला होता. वर्गशिक्षिका फ्राऊ ल्यूडर्स उंच, मोकळ्या हसणाऱ्या बाई. त्यांच्या नाटुकल्याची सुरुवात वॉशिंग्टनपासून नव्हतीच. सुरुवातीला एक मुलगा शिपाई होऊन यायचा आणि सांगायचा, आमच्या ब्राउनश्वाइगच्या ड्यूकनं आम्हाला इंग्रजांना भाड्यानं दिलं आणि ज्यांच्याशी आमचं काही भांडण नव्हतं त्यांच्यावर गोळ्या झाडायला समुद्रापार धाडलं. दत्तानं अन्वीला विचारलं, हे कशाला मध्येच? अन्वीनं बाईंना विचारून सांगितलं, "त्या म्हणतात, आधी आपली लाज सांगायची. मग दुसऱ्यांची."

"फार छान!" दत्ता मोठ्यानं म्हणाला आणि एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. ते वाक्य आपल्याकडेच येत आहे, असं त्याच्या मनातही आलं नाही.

आणि आला प्रयोगाचा दिवस. शाळेच्या सभागृहाला लागून असलेल्या वर्गात ग्रीनरूम. दत्तानं बाकावर पांढरा टॉवेल अंथरला, स्पंज, ब्रश, डब्या एका ओळीत मांडल्या, पेटीला हात लावून नमस्कार केला. पोरं गपगार. मग हात चालू लागला. इडा नावाच्या मुलीच्या केसांवर पावडर बसली आणि वर्गात वॉशिंग्टन अवतरला. योनास या गोबऱ्या गालांच्या मुलाचे गाल दत्तानं चार फटकाऱ्यांत आत घातले, क्रेपची दाढी लावली, कपाळावर दोन आठ्या ओढल्या. आरसा दिला तेव्हा योनासनं आधी मागे वळून पाहिलं, हा कोण म्हणून. पोरांनी बाकं बडवली. कंपनी सोडल्यावर बारा वर्षांनी दत्ताला ती आपली दाद ऐकू येत होती, भाषा न कळताही.

शेवटी अन्वी. ती समोर बसली, डोळे मिटून, हनुवटी वर करून. पूर्ण भरवशानं. असा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा रंगभूषाकाराच्या हाती येतो तेव्हा तो त्याचाच असतो.

दत्ता कुठलाच विचार करत नव्हता, आणि नंतर त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. हात आपणहून पेटीच्या वरच्या खणात गेला. तिथे एक चपटी डबी होती, सफेदा, पिवडी आणि चिमूटभर लाल हिंगूळ घालून त्यानं स्वतः घोटलेल्या रंगाची. कंपनीत त्या रंगाला नाव होतं, नायिकेचा रंग. एकेचाळीस वर्षांत एकही नायिका त्याशिवाय प्रकाशात गेली नव्हती. मोलकरीण, कजाग सासू, खलनायकाची बाई यांच्या डब्या वेगळ्या. त्यानं कपाळापासून सुरुवात केली, गाल, नाक, हनुवटी, मानेपर्यंत उतरला, कडा बोटानं विरवल्या. काम चोख होतं. "उघड डोळे," तो म्हणाला.

अन्वीनं आरशात पाहिलं. आरशात एक गुलाबीसर, गोरी, परकी मुलगी होती.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "मी काळी आहे म्हणून लावलंत?"

"छे छे! लाइटसाठी लागतं ते. स्टेजवर असंच लावतात."

सभागृहात एकही स्टेजचा दिवा नव्हता. लांबलचक काचांतून दिवसाचं ऊन येत होतं. हे अन्वीला ठाऊक होतं आणि दत्तालाही. योनास दाढी सांभाळत पुढे आला आणि काहीतरी म्हणाला. त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता, कोड्यात पडलेला होता. फ्राऊ ल्यूडर्स दारात येऊन थांबल्या. दत्ताला जर्मन येत नव्हतं, पण ग्रीनरूममधली शांतता त्याला कुठल्याही भाषेत कळायची.

"काय म्हणाला तो?" त्यानं विचारलं.

अन्वी उठली. "तो म्हणाला, रोझा पार्क्स गोरी नव्हती ना? आजोबा, ती गोरी असती तर तिला कुणी उठवलंच नसतं!" आणि ती पळाली.

मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर दत्ता खोबरेल तेलाची बाटली घेऊन उभा राहिला. आत नळ जोरात वाहत होता. पाण्यानं हा रंग निघत नाही, नुसता पसरतो. "अन्वी, बाळा, पाणी नको. तेल लावावं लागतं. दार उघड, मी काढून देतो."

"नाईन!"

"हात तरी बाहेर कर. बाटली घे."

"गेऽऽऽ वेग!" जा इथून, हा अर्थ कळायला त्याला कुणाची गरज लागली नाही.

नीता नाटुकलं बघायला ऑफिसातून थेट तिथे पोचली. तिनं वडिलांकडे पाहिलं, त्यांच्या बोटांना लागलेला रंग पाहिला, आणि तिचा चेहरा असा झाला की दत्तानं खाली बघितलं. तिनं बाटली घेतली आणि ती आत गेली. दार पुरतं लागलं नाही.

"नळ बंद कर. पाणी मारू नकोस आता. आधी तेल, मग कोरडा कागद, मग परत तेल. कानामागे राहतं, तिथे बघ."

"तुला कसं माहीत?" हे अन्वीनं मराठीत विचारलं, आईशी.

कागद फाडल्याचा आवाज आला.

"माझ्या लग्नात मलाही लावला होता. आजोबांनीच. मानेलासुद्धा. हात तेवढे राहिले. प्रत्येक फोटोत चेहरा एक आणि हात दुसऱ्याच कुणाचे."

"म्हणून आपल्याकडे फोटो नाही?"

"हं. वर बघ, डोळे मीट."

बाहेर दत्तानं भिंतीला हात टेकला. नीताचं लग्न त्याला लख्ख आठवत होतं. सकाळी पाचला उठून त्यानं मुलीला स्वतः सजवलं होतं, कुणाला हात लावू दिला नव्हता. मंडपात सगळी भावकी म्हणत होती, दत्ता, अरे पोरगी ओळखूच आली नाही! आणि तो कोपऱ्यात उभा राहून ती दाद झेलत होता, छाती फुगवून. नीता तेव्हा त्याच्याकडे बघून हसली होती का? त्यानं आठवायचा खूप प्रयत्न केला. त्याला फक्त रंग आठवत होता, किती सारखा बसला होता तो.

नाटुकलं झालं. शिपाई आला, वॉशिंग्टन आला, लिंकनची दाढी एका बाजूनं सुटली तरी त्यानं ती धरून भाषण केलं. मग चार खुर्च्यांची बस. अन्वी तिसऱ्या खुर्चीत बसली. चेहरा तेलानं चमकत होता, डोळे लाल, आणि उजव्या कानाच्या वळणात पांढरी रेघ राहून गेलेली. बस चालवणाऱ्या मुलानं तिला उठायला सांगितलं. तिनं मांडीवरचं शिवणकाम नीट घडी केलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाईन." ओरडून नाही. घरात पाणी नको म्हणतो तसं. मग टाळ्या. दत्तानं हात उचलले, बोटांवरचा रंग दिसला आणि त्यानं ते पुन्हा खिशात घातले.

घरी जाताना ट्राममध्ये अन्वी खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं दप्तर ठेवलं. नीता समोर. दत्ता पत्र्याची पेटी पायांत धरून दांड्याला लटकला.

"अन्वी, दप्तर मांडीवर घे. आजोबा उभे आहेत."

अन्वी बाहेर बघत राहिली.

"असू दे," दत्ता म्हणाला. "उभं राहायची सवय आहे मला. विंगेत खुर्ची नसते."

एक थांबा गेला, दुसरा गेला. दत्ता मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. लाइट असतात. मागच्या रांगेला चेहरा दिसायला हवा. आमच्या वेळी तसंच होतं. कंपनीचे मालक सांगत तसं करायचो. एकेचाळीस वर्षं त्यानं हीच वाक्यं दिली होती, सावळ्या पोरींना, आरशासमोर, आणि त्या "बरं" म्हणून डोळे मिटायच्या. एकीनंही अन्वीसारखं विचारलं नव्हतं. की विचारलं होतं, आणि आपल्याला ऐकू आलं नव्हतं?

अन्वीच्या कानातली ती रेघ अजून तशीच होती. खिशातला रुमाल पुढे करावा असं त्याला वाटलं. पण त्यानं हात दांड्यावरच ठेवला.

"आजोबा, उतरायचंय पुढे," अन्वी खिडकीकडे बघतच म्हणाली. तो इथे आल्यापासून ट्रामच्या प्रत्येक फेरीत ती त्याला हे सांगायची, तो चुकू नये म्हणून. आज रागातही सांगितलं.

दत्ता वाकला. पेटीची कडी वाजली. नीतानं मान वर करून वडिलांकडे पाहिलं.

"अन्वी," तो म्हणाला, "सकाळी तू मला विचारलंस, तेव्हा मी लाइटचं कारण दिलं. खोटं बोललो मी. तू काळी आहेस म्हणूनच लावला. आणि तुझ्या आईलाही म्हणूनच लावला होता."